ऊन, उकाडा आणि सायकलस्वाराचा पोशाख

म्हैसूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, कबिनी नदीच्या काठी, सरगूर हे एक लहानसे गाव आहे. पूर्वी हेग्गडदेवनकोटे तालुक्यात मोडणारे हे गाव अलीकडे स्वतःच तालुक्याचे ठिकाण झाले आहे. भोवताली कापूस, नाचणी आणि तंबाखू यांची शेते, आणि थोडे पुढे गेले की रान. कर्नाटक शासनाने २००६-०७ साली सरकारी शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली देण्याची योजना सुरू केली होती, आणि जिल्ह्याच्या शहरी, म्हणजे म्हैसुरास, २०१७ साली ‘ट्रिन ट्रिन’ या नावाने भाड्याच्या सार्वजनिक सायकली उपलब्ध झाल्या. सायकल ही या भागात केवळ हौसेची वस्तू नव्हे. शेताला, शाळेला आणि बाजाराला जाण्याचे ते साधन आहे.

अशा गावातील एखाद्या मुलास एप्रिलच्या दुपारी सायकलवरून घरी येताना पाहून आपण विचारले, की बाबा रे, उन्हाळ्याचा त्रास होत नाही काय, तर तो बहुधा ‘नाही’ असेच म्हणेल. तापमापकही त्याचीच बाजू घेईल. म्हैसूरच्या पठारावर एप्रिल महिन्यात दुपारचे तापमान साधारणपणे ३४ ते ३५ अंश सेल्सियसच्या आसपास असते. त्याच सुमारास नागपूर किंवा चंद्रपूर येथे पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो. विदर्भातील वाचकास सरगूरचा उन्हाळा म्हणजे थट्टाच वाटेल. तथापि त्या मुलाच्या मानेवर, कानांच्या पाळ्यांवर आणि मनगटांच्या वरच्या बाजूस पडणारे ऊन विदर्भातील उन्हापेक्षा तिळमात्र सौम्य नसते.

येथे आपल्या भाषेचे आपणांस मोठे साहाय्य होते. ‘ऊन’ आणि ‘उकाडा’ हे दोन निराळे शब्द मराठीत पूर्वापार आहेत. ऊन हे सूर्यापासून थेट येणारे किरण होत. उकाडा ही भोवतालच्या हवेची स्थिती होय. ऊन सावलीत शिरले की संपते, उकाडा सावलीतही पाठ सोडत नाही. सायकलस्वाराच्या वस्त्रांना या दोहोंशी एकाच वेळी झुंजावे लागते, आणि अडचण अशी की, एकाला अडविणारा उपाय पुष्कळदा दुसऱ्याला साहाय्यभूत होतो. अंगभर जाड कापड ऊन अडविते, पण घाम कोंडते. बिनबाह्यांचा पातळ सदरा वारा घेतो, पण ऊनही घेतो. योग्य वस्त्राची निवड म्हणजे या दोहोंतील तडजोड होय, आणि ती तडजोड प्रत्येक प्रदेशात एकच असू शकत नाही.

प्रथम उन्हाचा विचार करू. सूर्यप्रकाशात डोळ्यांना दिसणारा प्रकाश असतो, त्वचेला ऊब देणारे अवरक्त किरण असतात आणि यांखेरीज एक लहानसा भाग जंबुपार किरणांचा असतो. हल्ली यांनाच अतिनील किरण म्हणतात. भूपृष्ठावर पोहोचणाऱ्या एकूण सौरऊर्जेत त्यांचा वाटा शेकडा ५ च्या सुमारास असतो. परंतु त्वचा भाजणे, ती अकाली सुरकुतणे, डोळ्यांत मोतीबिंदू होण्यास हातभार लावणे आणि क्वचित त्वचेचा कर्करोग उद्भवणे ही कृत्ये मुख्यतः याच भागाची. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्वचेला उष्णही लागत नाहीत. म्हणूनच त्यांचा अंदाज तापमापकावरून किंवा अंगाच्या काहिलीवरून बांधता येत नाही. थंड वारा सुटलेला असताना माणूस उन्हात अधिक वेळ राहतो व अधिक भाजतो. सायकलस्वारापुढे तर वारा नेहमीच असतो.

सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य या किरणांपासून पुष्कळसे संरक्षण देते, हे खरे आहे. त्यामुळे आपल्याकडे युरोपीय लोकांप्रमाणे अर्ध्या तासात कातडी लाल होऊन सोलवटत नाही. पण पुष्कळसे संरक्षण म्हणजे संपूर्ण नव्हे, आणि डोळ्यांना तर त्वचेच्या रंगाचा काहीच उपयोग नाही.

हे किरण किती तीव्र असतील हे मुख्यत्वे सूर्य आकाशात किती उंच आहे यावर अवलंबून असते. सूर्य कलता असला की किरणांना वातावरणाचा अधिक जाड थर ओलांडावा लागतो आणि त्यात ते शोषले जातात. सरगूर सुमारे १२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे एप्रिलच्या २२-२३ तारखेस आणि पुन्हा ऑगस्टच्या २० तारखेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी लपते. मुंबईस हा योग मेच्या मध्यास व जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येतो. नागपुरास मेच्या अखेरीस व जुलैच्या मध्यास. त्यातच म्हैसूरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच आहे, आणि दर हजार मीटर उंचीमागे जंबुपार किरणांची तीव्रता अंदाजे शेकडा १० ने वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने या किरणांच्या तीव्रतेसाठी एक निर्देशांक ठरविला आहे. त्यात ११ व त्यावरील आकडा ‘अत्यंत तीव्र’ समजला जातो. दक्षिण भारतात एप्रिलच्या निरभ्र दुपारी हा आकडा सहज गाठला जातो. ऑगस्टमध्ये ढगांमुळे तो कमी होतो, पण विरळ ढगांतून या किरणांचा बराच भाग खाली येतो. ढगाळ दिवशी उकाडा कमी म्हणून ऊनही नाही, असे समजणे चूक होय.

यासाठी कोणतेही यंत्र नको. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे आणि ऊन संरक्षण घेण्याजोगे आहे, असे समजावे. मात्र घड्याळातील बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे, हे ध्यानात असावे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरलेली आहे आणि सरगूर त्याच्या बरेच पश्चिमेस आहे. तेथे एप्रिलच्या अखेरीस सूर्य सर्वांत उंच असतो तेव्हा घड्याळात सुमारे बारा वाजून तेवीस मिनिटे झालेली असतात. मुंबईस तर साडेबारा उलटून जातात. एक वाजता शाळा सोडून मुलांना घरी धाडणारी शाळा त्यांना जवळजवळ भर मध्यान्हीच रस्त्यावर काढीत असते.

आता कापडाकडे वळू. कापड जंबुपार किरणांना किती अडविते, हे सांगण्यासाठी एक गुणांक वापरतात. कापडातून किरणांचा पंधरावा हिस्सा पार जात असेल तर त्याचा गुणांक १५, पन्नासावा हिस्सा जात असेल तर ५०. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांनी १९९६ साली यासाठी पहिले प्रमाण ठरविले. गोऱ्या लोकांची वस्ती आणि प्रखर ऊन यांमुळे त्वचेच्या कर्करोगाचा प्रश्न तेथे फार बिकट झालेला होता. या मापाने पाहता नेहमीच्या पांढऱ्या, विणलेल्या सुती बनियनवजा सदऱ्याचा गुणांक पाच ते सातच्या घरात भरतो. म्हणजे सहावा-सातवा हिस्सा किरण सरळ त्वचेवर पोहोचतात. उलट, गडद निळ्या जीनच्या जाड कापडातून जवळजवळ काहीच पार होत नाही. पण जीनची विजार घालून एप्रिलमध्ये दहा किलोमीटर सायकल चालविणे कसे असते, ते ज्याने केले त्यालाच ठाऊक.

गुणांकात सर्वांत मोठा वाटा विणीचा. दोन धाग्यांमधील छिद्रांतून किरण विनासायास आत येतात. तंतू कोणताही असो, छिद्र ते छिद्रच. मलमल आणि विरळ वायल म्हणूनच उन्हापासून फारसे रक्षण करीत नाहीत, मग त्या कितीही शीतल वाटोत. पॉपलिनसारखे पातळ पण घट्ट विणीचे कापड या दृष्टीने बरे. नवे सुती कापड दोनचार वेळा धुतल्यावर आटते, छिद्रे आकसतात आणि त्याचा गुणांक वाढतो, तेव्हा जुना धुवट सदरा फाटका नसेल तर टाकाऊ मानू नये. मात्र ताणून बसणाऱ्या कपड्यात हीच छिद्रे रुंदावतात.

विणीनंतर तंतूचा व त्यावरील संस्कारांचा प्रश्न येतो. कापसाच्या कोऱ्या तंतूत नैसर्गिक रंगद्रव्ये असतात आणि ती जंबुपार किरण शोषून घेतात; विरंजन करून कापूस पांढराशुभ्र केला की हे रंगद्रव्य जाते आणि संरक्षणही उणावते. आपल्याकडील पिवळसर मांजरपाट किंवा कोरी खादी दिसावयास ओबडधोबड असली, तरी तेवढ्याच विणीच्या शुभ्र कापडापेक्षा ती ऊन अधिक अडविते. पॉलिएस्टरचा तंतू स्वभावतःच या किरणांचा बराच भाग शोषतो. आणखी एक गंमत अशी की, कपड्यांना चकाकी आणण्यासाठी घराघरांत वापरले गेलेले टिनोपाल व धुण्याच्या भुकट्यांत मिसळलेली तत्सम द्रव्ये जंबुपार किरण शोषून निळसर दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. शुभ्रतेच्या हौसेपोटी थोडे संरक्षणही पदरात पडते ते असे. साध्या निळीने मात्र हे साधत नाही. ती केवळ पिवळेपणा झाकते.

कापड ओले झाले की त्याचा गुणांक बहुधा घटतो. पाण्याने भरलेल्या छिद्रांतून प्रकाश कमी विखुरतो आणि कापड पारदर्शक होते; भिजलेला पांढरा सदरा अंगाला चिकटला म्हणजे आतील कातडी दिसू लागते, ती याचमुळे. घामाने थबथबलेल्या सायकलस्वाराच्या पाठीवर हीच स्थिती असते, आणि पुढे वाकून बसल्यामुळे मध्यान्हीचे ऊन नेमके त्याच पाठीवर पडते.

उकाड्याची बाजू समजून घेण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. माणसाचे शरीर हे काही फार काटकसरी यंत्र नव्हे. स्नायूंत खर्च होणाऱ्या ऊर्जेचा चौथा-पाचवा हिस्सा पायटे फिरविण्याच्या कामी येतो, बाकीची उष्णता होते. जड सायकलीवरून सपाट रस्त्याने ताशी १५ किलोमीटरने जाणाऱ्या प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे अडीचशे वॉट उष्णता निर्माण होते. निवांत बसलेल्या माणसाच्या अंगातून ती शंभर वॉटच्या आसपास निघते. भर उन्हात सूर्य यात आणखी शंभर-दीडशे वॉट सहज घालतो. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर काही उष्णता वारा उचलून नेतो. पण हवेचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले की वारा उष्णता नेण्याऐवजी आणूनच देतो आणि मग घामाच्या बाष्पीभवनाखेरीज गत्यंतर उरत नाही. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. केवळ त्या अडीचशे वॉटचा निकाल लावण्यास तासाला एक तृतीयांश लिटरहून अधिक घाम वाळला पाहिजे. वाळला पाहिजे हा शब्द महत्त्वाचा आहे. भुवयांवरून टपकून रस्त्यावर पडलेला घाम फुकट गेला. त्याने शरीरातील पाणी आणि मीठ तेवढे नेले.

ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला चार मीटरांहून अधिक वारा. सायकलस्वाराला मिळालेले हे वरदान आहे, आणि त्याचा लाभ घ्यावयाचा तर कपडा सैल हवा. सैल सदऱ्याच्या आत हवा खेळते, दमट हवा गळ्यातून व बाह्यांतून बाहेर पडते. चढ लागला म्हणजे वेग निम्म्याहून कमी होतो, श्रम वाढतात आणि वारा पडतो. उकाडा खरा जाणवतो तो तेथे, किंवा शहरातील चौकात लाल दिव्यापाशी उभे राहिल्यावर. वर गुंडी उघडता येईल असा सदरा गळ्यालगतच्या बनियनपेक्षा श्रेष्ठ, तो या कारणाने.

रंगाविषयी लोकांची मते ठाम असतात आणि ती अर्धीच खरी असतात. काळे कापड उष्णता अधिक शोषते, यात संशय नाही. पण सिनाईच्या वाळवंटातील बेदुइन लोक काळे झगे घालतात, याचे कोडे सोडविण्यासाठी काही शास्त्रज्ञांनी उन्हात माणूस उभा करून मापने घेतली व १९८० साली ती ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. काळ्या झग्याने शोषलेली जादा उष्णता झग्याच्या आतील हवेतून बाहेर निघून जाते व त्वचेपर्यंत पोहोचत नाही, असे त्यांस आढळले. काळ्या आणि पांढऱ्या झग्यांत माणसाला मिळालेली उष्णता सारखीच होती. याचा अर्थ काळे कपडे वापरा असा मुळीच नाही. झगा सैल होता, वाळवंटात वारा होता, हे विसरता कामा नये. अंगाला चिकटलेल्या काळ्या सदऱ्याला हा नियम लागू नाही. फिकट रंगाचे, पण घट्ट विणीचे व सैल शिवलेले कापड हाच सर्वसाधारणपणे मध्यम मार्ग ठरतो. फिकट पिवळा किंवा नारिंगी रंग मोटारचालकाच्या नजरेत भरतो, हा आणखी एक फायदा.

रंगांविषयीच्या समजुतींनी सैन्यांनाही भुलविले आहे. उष्ण प्रदेशातील सूर्याचे काही गूढ किरण कवटीत व पाठीच्या कण्यात शिरतात, असे युरोपीय वैद्यांना एके काळी वाटे. भेंडाची सोला टोपी आणि कण्यावर बांधावयाची जाड गादी ही त्याच समजुतीची अपत्ये. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फिलिपाइन्समधील अमेरिकन सैनिकांना याच कारणासाठी नारिंगी-तांबडी अंतर्वस्त्रे घालून पाहण्यात आले. लाभ काही झाला नाही. सैनिकांना अधिक उकडले मात्र.

आपल्या शेतकऱ्याचे मुंडासे यापेक्षा पुष्कळ शहाणे आहे. पांढऱ्या सुती कापडाचे अनेक पदर, त्यांमध्ये अडकलेली हवा, मानेवर सोडलेला शेव आणि पाणी भेटेल तेथे भिजविण्याची सोय, इतके गुण एका टोपीत सापडणे कठीण. विदर्भाच्या कोरड्या हवेत ओला पंचा डोक्यास गुंडाळला की तो झपाट्याने वाळतो आणि वाळताना थंडावा देतो. हाच पंचा रत्नागिरीस मे महिन्यात तासन्तास ओलाच राहील. तेथील हवेत बाष्प इतके असते की घामालाही वाळावयास जागा मिळत नाही. सुती कापड आपल्या अंगी पुष्कळ ओलावा धरते. कोरड्या प्रदेशात हा गुण, कारण घाम कापडात पसरून वाळतो. दमट प्रदेशात तोच दोष, कारण कापड जड होऊन चिकटते. कोकणात म्हणून पातळ, लवकर वाळणारे मिश्र किंवा जाळीदार कृत्रिम कापड पुष्कळांस सोयीचे वाटते. जाळीने ऊन अडत नाही, तेव्हा ती बगलेत व कुशीला असावी. खांद्यावर व पाठीवर नको. सरगूरसारख्या पठारावर, एप्रिलमध्ये, हवा ना फार कोरडी ना फार दमट असते. तेथे सुती पॉपलिनचा सैल, पूर्ण बाह्यांचा सदरा पुरेसा होतो.

आर्द्रतेचा आणि उघड्या उन्हाचा संयोग किती घातक असतो, हे महाराष्ट्राने १६ एप्रिल २०२३ रोजी पाहिले. नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभास आलेल्या जनसमुदायापैकी १४ जण उष्माघाताने दगावले. पारा त्या दिवशी ३८ अंशांच्या आसपासच होता. ती माणसे तर बसलेली होती. सायकल मारणाऱ्याच्या अंगात दुप्पट-अडीचपट उष्णता तयार होत असते.

पोशाखाचा तपशील पाहताना सायकलस्वाराचे शरीर कोठे उघडे पडते ते पाहावे. मूठ दांड्यावर असल्याने हाताचा पंजा व मनगट सतत आकाशाकडे असतात. बाह्या मनगटापर्यंत आल्या पाहिजेत. मान पुढे असल्याने मानेचा मागचा भाग व कान यांवर ऊन पडते. सदऱ्याची कॉलर उभी करावी किंवा पातळ रुमाल मानेभोवती सैल बांधावा. शिरस्त्राण घालीत असल्यास ते उकाड्याचे निमित्त करून काढू नये. त्याखाली पातळ सुती कापड धरावे व त्याचा शेव मानेवर सोडावा. आखूड विजारीत मांडी व गुडघे पायट्याच्या प्रत्येक फेऱ्यास उन्हात येतात, म्हणून सैल, लांब विजार बरी. पण तिचे टोक साखळीत सापडू नये यासाठी घोट्याशी क्लिप लावावी. पूर्वी पोलादी पट्टीच्या क्लिपा प्रत्येक कारकुनाच्या पायाशी दिसत. आता त्या दुर्मिळ झाल्या आहेत, तरी रबरी पट्ट्याने काम भागते. मुलींची ओढणी हे उत्तम ऊनरक्षक वस्त्र आहे आणि महाराष्ट्रातील शहरांतून ती तोंडाभोवती बांधण्याची रीत रूढही झाली आहे. मात्र तिचे टोक मागच्या चाकात गुंतल्याने गळ्यास फास बसू शकतो. दोन्ही टोके आत खोचून गाठ मारल्याखेरीज सायकलवर बसू नये, असा दंडक शाळांनी घालावा.

शाळांचा संबंध आणखी एका ठिकाणी येतो. गणवेशाचे कापड विद्यार्थी निवडीत नाही. शाळा किंवा शासन निवडते, आणि निवडताना टिकाऊपणा व किंमत एवढेच पाहिले जाते. त्यामुळे जाड, गडद टेरिकॉटची विजार आणि अर्ध्या बाह्यांचा पातळ सदरा अशी जोडी सर्वत्र दिसते. हे उलटे आहे. ऊन पडते खांद्यावर आणि हातांवर, आणि घाम कोंडतो कमरेखाली. दूरच्या गावांहून सायकलीने येणारी मुले ज्या शाळेत आहेत, तेथे पूर्ण बाह्यांच्या सदऱ्याची मुभा तरी असावी.

कपड्याने सर्व काही साधेल, असे मात्र नाही. सोबत पाणी हवे, आणि उन्हाळ्याच्या आरंभी शरीरास उष्णतेची सवय होण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर श्रम बेताचे हवेत. सायकल चालविता चालविता एखादा बरळू लागला, तोल सावरेनासा झाला किंवा त्याच्या वागण्यात विचित्रपणा आला, तर तो केवळ थकला आहे असे समजून थांबू नये. त्याला सावलीत निजवावे, कपडे सैल करून सर्वांगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

कापडाची परीक्षा दुकानातच करता येते. कापडाचा एक पदर उजेडासमोर धरावा. पलीकडील खिडकीचे गज स्पष्ट दिसले तर ते सदऱ्यास निरुपयोगी समजावे. शाळेत याहून चांगला प्रयोग होतो. छापील मजकूर नसलेल्या वर्तमानपत्री कागदाचा एक ताव घ्यावा. त्यावर मलमल, पॉपलिन, मांजरपाट, खादी, टेरिकॉट व जुन्या बनियनच्या पट्ट्या शेजारी शेजारी टाचून प्रत्येकीखाली पेन्सिलीने नाव लिहावे, आणि एक जागा उघडी ठेवावी. हा ताव छपरावर, दगडांनी दाबून, आठवडाभर उन्हात राहू द्यावा. वर्तमानपत्री कागदात लाकडाचा लगदा असतो व तो जंबुपार आणि जांभळ्या-निळ्या किरणांनी पिवळा पडतो. म्हणून प्रयोगातून गुणांकाचा आकडा मिळणार नाही. पण पट्ट्या काढल्यावर कोणत्या कापडाखालचा कागद कोरा राहिला आणि कोणत्या कापडाखाली विणीच्या छिद्रांनिशी पिवळा झाला, ते वर्गातील शेवटच्या बाकावरूनही दिसेल. याच पट्ट्यांचा दुसरा संच ओला ठेवून पाहावा. त्यासाठी दर तासाला पाणी शिंपडण्याची पाळी विद्यार्थ्यांत वाटून द्यावी लागेल.